घाटीचा रस्ता आणि सायकल: हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघेदुखी असताना चढ किती आणि कसा घ्यावा?

"सपाट रस्त्यार काय एक त्रास नाय, डॉक्टर. घाटी चढताना तेवढा छातीत भरल्यासारख्या वाटता." मालवण किनाऱ्यावरच्या गावांतून येणारे पन्नाशी-साठीचे रुग्ण हे वाक्य बहुतेक वेळा सहज, जाता जाता बोलून जातात. मुख्य तक्रार वेगळीच असते. पण डॉक्टरांच्या दृष्टीने त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच असते.

सायकल हा उत्तम व्यायाम आहे. गुडघ्यांवर शरीराचा पूर्ण भार येत नाही, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते, मन प्रसन्न होते. मात्र आपल्याकडचा रस्ता क्वचितच सरळ सपाट असतो. तोंडवलीहून तळाशीलकडे जाताना एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, रस्ता जवळपास सपाट. तोच मालवण-आचरा रस्त्याला लागलात की सड्यावर चढायचे, पुन्हा खाडीच्या पुलाकडे उतरायचे आणि परत चढायचे. दोन्हीकडे पाच किलोमीटर सायकल चालवली तरी हृदयाला पडणारे काम सारखे नसते.

म्हणून या लेखाचा मुद्दा एकच आहे. सायकलचा व्यायाम केवळ किलोमीटरमध्ये मोजू नका. रस्त्यात चढ किती आणि समोरून वारा किती हे आधी पाहा, आणि आपल्या हृदयाची क्षमता त्याच्याशी ताडून मग वाट निवडा.

चढावर शरीराला किती जास्त काम पडते?

व्यायामाचा भार मोजण्यासाठी डॉक्टर 'मेट' हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेले असताना शरीर जेवढा प्राणवायू वापरते तो १ मेट. ४ मेटचे काम म्हणजे बसून असतानाच्या चौपट.

७५ किलो वजनाचा माणूस आणि १५ किलोची साधी सायकल धरून हिशेब केला तर अंदाजे असे आकडे येतात:

- सपाट रस्ता, वारा नाही, ताशी १५ किमी वेग: सुमारे ४ मेट
- ५ टक्के चढ (१०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर वर), ताशी ८ किमी वेग: ६.५ ते ७ मेट
- १० टक्के चढाची छोटी घाटी, ताशी ६ किमी वेग: सुमारे ८.५ मेट
- सपाट रस्ता, पण समोरून ताशी १५ किमीचा वारा आणि तुमचा वेगही ताशी १५ किमी: ७ मेटच्या वर
- ५ टक्के चढावर सायकलवरून उतरून सावकाश चालत जाणे: सुमारे ४ मेट, सायकल ढकलण्याचे थोडे अधिक

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, वेग निम्म्यावर आणला तरी चढावर हृदयाचे काम वाढतेच. "मी हळूहळूच चढवतो" हे म्हणणे पुरेसे नाही. दुसरी, किनाऱ्यावरचा वारा हा न दिसणारा चढ आहे. सकाळी वारा शांत असतो. दुपारनंतर समुद्रावरून जोराचा वारा सुटतो. सकाळी सहज पार पडलेला सपाट रस्ता संध्याकाळी उलट वाऱ्यात घाटीसारखा जड वाटतो. त्या वेळी आलेला दम म्हणजे केवळ "आज अंगात जोर नाही" असे समजू नये.

तुमची क्षमता किती, हे कसे कळेल?

ज्यांची ट्रेडमिल टेस्ट (टीएमटी किंवा स्ट्रेस टेस्ट) झाली आहे त्यांच्या रिपोर्टवर बहुधा मेटचा आकडा लिहिलेला असतो. आपल्याकडे ही चाचणी बहुतेक ठिकाणी ब्रूस पद्धतीने होते. त्यात दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. पहिला टप्पा पूर्ण केला तर साधारण ४ ते ५ मेट, दुसरा पूर्ण केला तर ७ आणि तिसरा पूर्ण केला तर १० मेटच्या आसपास क्षमता धरतात.

हा आकडा म्हणजे कमाल मर्यादा आहे. रोजच्या व्यायामात सलग भार त्याच्या ६० ते ७० टक्क्यांपर्यंत ठेवावा. उदाहरणार्थ:

- क्षमता ७ मेट असेल तर रोजचा भार ४ ते ५ मेट. म्हणजे वारा नसलेला सपाट रस्ता चालेल. घाटी आली की उतरून चालायचे.
- क्षमता १० मेट असेल तर ६ ते ७ मेटपर्यंतचा भार झेपेल. मध्यम चढ सावकाश घेता येईल, पण उभी घाटी टाळावी.

चाचणीत ईसीजी बदलला असेल, छातीत दुखले असेल किंवा ती अर्धवट थांबवावी लागली असेल, तर हा हिशेब स्वतः लावू नका. मर्यादा तुमचे डॉक्टरच ठरवतील.

ज्यांना कोणताही आजार नाही आणि काही त्रास होत नाही, अशा प्रत्येकाने सपाट रस्त्यावर सायकल सुरू करण्यापूर्वी ट्रेडमिल टेस्ट करण्याची गरज नाही. पण चाळिशी उलटल्यावर मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू किंवा धूम्रपान, घरात कमी वयात हृदयविकार यांपैकी काही असेल, तर चढ सुरू करण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावे.

बोलून पाहा: सर्वांत सोपी चाचणी

सायकल चालवताना सोबतच्या माणसाशी बोला.

- पूर्ण वाक्ये सहज बोलता येतात: भार योग्य आहे.
- दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो: भार जास्त आहे, वेग कमी करा किंवा उतरा.
- बोलताच येत नाही: लगेच थांबा.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या (बीटा ब्लॉकर) घेणाऱ्यांसाठी ही चाचणी फार उपयोगाची आहे. या गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही. घड्याळ ९५ ठोके दाखवते म्हणून भार कमी आहे असे नसते. अशा रुग्णांनी घड्याळापेक्षा आपल्या श्वासावर विश्वास ठेवावा.

छातीत भरून येणे: 'गॅस' की हृदय?

हृदयाच्या धमनीत अडथळा असेल तर बसल्या जागी किंवा सपाटीवर त्रास जाणवत नाही, कारण तेवढ्या कामाला पुरेसे रक्त मिळत असते. चढावर मागणी वाढते, पुरवठा वाढू शकत नाही, आणि छातीत दाब, जडपणा किंवा जळजळ सुरू होते. थांबल्यावर काही मिनिटांत बरे वाटते. याला अंजायना म्हणतात. "थांबल्यावर बरे वाटले म्हणजे गॅस होता" हा समज घातक आहे. उलट, श्रमाने सुरू होणे आणि विश्रांतीने थांबणे हीच अंजायनाची खूण आहे.

प्रत्येकाला छातीतच दुखेल असे नाही. जबडा, घसा, डावा किंवा दोन्ही हात, पाठीचा वरचा भाग, पोटाचा वरचा भाग इथेही त्रास होऊ शकतो. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये कधी कधी फक्त दम लागणे, खूप घाम किंवा अचानक थकवा एवढेच दिसते. मागच्या महिन्यात जी घाटी चढता येत होती तिथे आता अर्ध्यावर थांबावे लागत असेल, तर तेही सांगण्यासारखे लक्षण आहे.

असे झाले तर काय करावे?

१. लगेच थांबा, सावलीत बसा. "वर पोचून बसू" असे करू नका.
२. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी (सॉर्बिट्रेट) दिलेली असेल तर बसूनच घ्या. तिने रक्तदाब एकदम उतरतो; उभ्याने घेतल्यास चक्कर येऊन पडू शकता. मागील २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल घेतली असेल तर ही गोळी घेऊ नका.
३. ५ मिनिटांत बरे वाटले नाही तर १०८ ला फोन करा. अशा वेळी सायकल किंवा दुचाकी स्वतः चालवत दवाखान्यात जाऊ नका.
४. त्रास थांबला तरी त्या दिवशी पुढे जाऊ नका आणि दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. त्रास पहिल्यांदाच झाला असेल, किंवा कमी श्रमात, वारंवार होऊ लागला असेल तर त्याच दिवशी दाखवा.

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर

अँजिओप्लास्टीनंतर चालणे लवकर सुरू करता येते. सायकल कधी, हे हृदयविकाराचा झटका आला होता का आणि हृदयाची पंपिंग क्षमता किती आहे यावर ठरते. आधी सपाट रस्ता, आणि चढ मात्र तपासणीनंतर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. बायपासमध्ये छातीचे हाड कापून पुन्हा जोडलेले असते. ते भरून यायला साधारण २ ते ३ महिने लागतात. तोपर्यंत रस्त्यावर सायकल नको, कारण खड्ड्याचा धक्का आणि हँडलवर पडणारा भार थेट त्या हाडावर येतो. घरात स्थिर सायकल चालते का, ते विचारून घ्या.

स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, किंवा झडपेच्या आजारात वॉरफॅरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतात. अशा वेळी पडल्यावर होणारा रक्तस्राव जास्त असतो. हेल्मेट सगळ्यांनीच घालावे. या रुग्णांनी हेल्मेटशिवाय अंगणाबाहेरही जाऊ नये. डोक्याला मार लागला तर बाहेरून जखम नसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मात्र पडण्याच्या भीतीने या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. स्टेंट बंद पडण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

मधुमेह असेल तर

चढावर स्नायू साखर भराभर वापरतात. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी काळजी घ्यावी.

- निघण्यापूर्वी साखर तपासा. १०० च्या खाली असेल तर आधी एक केळे किंवा दोन पोळ्या खा आणि थोड्या वेळाने निघा.
- २५० च्या वर असून अंगात कणकण, उलटी, पोटदुखी किंवा लघवीत कीटोन असतील तर त्या दिवशी सायकल नको, डॉक्टरांना दाखवा.
- खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. थरथर, घाम, भूक, गोंधळ, डोळ्यांपुढे अंधारी आली की ३ चहाचे चमचे साखर खा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच घ्या.
- ही लक्षणे उतारावर फार धोकादायक ठरतात, कारण वेग असतो आणि हात थरथरत असतात. म्हणून चढ संपल्यावर दोन मिनिटे थांबून, आपण ठीक आहोत हे पाहून मगच उतार घ्या.
- मोठ्या व्यायामानंतर साखर रात्री उशिरा उतरू शकते. त्या दिवशी रात्रीचे जेवण चुकवू नका.
- पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर चपलेवर सायकल चालवू नका. बंद बूट घाला, घरी आल्यावर तळवे पाहा.
- डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाचा त्रास असेल तर जोर लावून चढण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

उकाडा आणि पाणी

किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यामुळे कोरड्या प्रदेशात जो चढ झेपतो तोच इथे जड जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ सर्वांत चांगली. एप्रिल-मे मध्ये सायकल सकाळी ८ च्या आत संपवावी.

पाणी हाच उत्तम पर्याय. आपल्याकडच्या आवडत्या पेयांबद्दल मात्र थोडी माहिती हवी:

- कोकम सरबत: अमृत कोकमात भरपूर साखर असते. मधुमेहींनी ते साखर कमी झाल्यावर घ्यावे, तहान लागली म्हणून नव्हे.
- आगळ: यात मीठ भरपूर असते. उच्च रक्तदाब किंवा हृदय कमकुवत असणाऱ्यांनी रोज घेऊ नये.
- शहाळे: यात पोटॅशियम जास्त असते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

हृदय कमकुवत असल्यामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेले असेल, किंवा लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल, तर उन्हाळ्यात किती पाणी घ्यायचे हे आधीच विचारून ठेवा.

गुडघे: बैठकीची उंची तपासा

सायकलमुळे गुडघे दुखतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या सायकलची बैठक पुष्कळदा खूप खाली असते. पाय लगेच जमिनीला टेकावेत म्हणून ती खाली ठेवली जाते. मग प्रत्येक पेडलला गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब येतो. बैठकीवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग पायाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. ही उंची बरोबर.

गिअरची सायकल असेल तर चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका आणि मिनिटाला ६० ते ८० फेरे होतील असे पाय फिरवा. जड गिअरमध्ये उभे राहून जोर लावणे गुडघा आणि रक्तदाब दोन्हींना त्रासदायक आहे. बिनगिअरच्या सायकलवर उभ्या घाटीत खाली उतरून चालावे. त्यात कमीपणा काही नाही. वर पाहिलेल्या आकड्यांनुसार भार जवळपास निम्मा होतो. बॅटरीच्या मदतीने चालणारी सायकलही ज्येष्ठांसाठी चांगला मार्ग आहे.

उतार आणि पावसाळा

हृदयाला धोका चढावर, हाडांना उतारावर. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबा. वळणाच्या आधी वेग कमी करा. किनाऱ्याजवळ रस्त्यावर आलेली वाळू, पावसात लाल चिखल आणि कडेचे शेवाळ यांवर चाक पटकन घसरते. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी आणि साठीपुढच्या मंडळींनी पावसाळ्याचे चार महिने घरातली स्थिर सायकल किंवा पडवीत चालणे निवडावे.

सहलीला जाताना: आंबोली असो वा नाशिक

गावातल्या रस्त्यावर सवय झाली की पुढचा विचार सहलीचा येतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. सावंतवाडीकडून जाताना झाडीतला घाट बराच वेळ सलग चढतो. गावातली घाटी पाच मिनिटांत संपते आणि श्वास सावरायला सपाटी मिळते. घाटात ती मिळत नाही. क्षमता १० मेटपेक्षा कमी असणाऱ्यांनी वरपर्यंत गाडीने जावे आणि पठारावर सायकल चालवावी.

नाशिकच्या द्राक्षमळ्यांतून, टेकड्यांच्या कडेने सायकल चालवणेही आता अनेकांना आवडते. तिथली हवा कोरडी असते. घाम लगेच वाळतो आणि किती पाणी गेले ते कळत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. वाइन चाखायची असेल तर सायकल ठेवून दिल्यानंतर. दारूने तोल आणि अंदाज बिघडतो, शरीरातले पाणी कमी होते आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर काही तासांनंतरही घसरू शकते. 'गोड वाइनने साखर वाढेल, म्हणजे सुरक्षित' हा हिशेब चुकीचा आहे.

याच नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. त्यांच्याकडून घ्यायची ती नियमित सरावाची प्रेरणा. आठवडाभर बसून राहून रविवारी एकदम घाट चढणे हा त्याच्या अगदी उलटा प्रकार आहे, आणि हृदयासाठी धोक्याचा.

सुरुवात कशी करावी?

- आठवडा १ आणि २: सपाट रस्ता, १५ ते २० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस.
- आठवडा ३ आणि ४: सपाट रस्ता, ३० मिनिटे. आता आठवड्याची १५० मिनिटे झाली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान एवढ्याच मध्यम व्यायामाची शिफारस करते.
- आठवडा ५ आणि ६: त्यात एक छोटा, सौम्य चढ, आठवड्यातून दोनदा.
- त्यानंतर: त्रास नसेल तर चढ हळूहळू वाढवा. एका आठवड्यात वेळ किंवा चढ यांपैकी एकच वाढवा.

पहिली १० मिनिटे नेहमी सपाटीवर सावकाश. घराबाहेर पडताच घाटी असेल तर ती चालत पार करा, कारण शरीर तापलेले नसताना चढल्यास अंजायना लवकर सुरू होतो. शेवटची ५ मिनिटेही हळू चालवा. एकदम थांबल्यास चक्कर येऊ शकते. जेवणानंतर दोन तास चढ नको, आणि ताप असताना सायकलच नको.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढ घेऊ नये अशा व्यक्ती

- अलीकडे हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले
- श्रमाने छातीत दुखणारे किंवा श्रमात चक्कर येऊन पडलेले
- हृदयाची पंपिंग क्षमता कमी असलेले किंवा झडप अरुंद असलेले
- रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून जास्त असलेले
- फिट येणारे, दम्याचा त्रास आटोक्यात नसलेले

घरच्यांसाठी

- कोणत्या रस्त्याने जाणार आणि कधी परतणार हे विचारून ठेवा. सड्यावर आणि व्हाळाच्या बाजूला मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे वेळ ठरलेली असावी.
- खिशात एक चिठ्ठी ठेवा: नाव, आजार, औषधे, घरचा फोन नंबर.
- १०८ ला फोन करताना जवळचे देऊळ, शाळा किंवा फाटा सांगा. रुग्णवाहिकेला जागा लवकर सापडते.
- माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.
- "हल्ली घाटीत थांबतात" हे तुमच्या लक्षात आले असेल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तुम्ही सांगा. रुग्ण स्वतः ते विसरतो किंवा टाळतो.

थोडक्यात

सायकल सोडू नका, वाट बदला. सपाटीवर सुरुवात करा, बोलता येईल एवढाच वेग ठेवा, चढ आणि उलट वारा दोन्ही मोजा, आणि घाटीत छाती भरून आली तर तिथेच बसा. ते लक्षण वेळेवर सांगितले तर औषधाने किंवा उपचाराने बहुतेकांना पुन्हा सायकलवर बसता येते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे आणि व्यायामाची मर्यादा ठरवताना आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.*